मागे बसून कुणी बघितलं नाही

मी मोटारसायकल बोलतेय. रुंद टाकी, लांब हँडल, बसकी सीट, संथ आवाज. अशा गाडीला क्रूझर म्हणतात. शोरूममध्ये मात्र माझं नाव एकच होतं, 'मागच्या सालची'.

मला रडगाणं गायची सवय नाही. पण एक गोष्ट माझ्याकडून झाली आहे. ती सांगून टाकते.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्यात काही उणं नव्हतं. शोरूममध्ये काचेजवळची जागा मिळाली. येणारे टाकीवर हात फिरवायचे, माझ्या आरशात स्वतःचे केस सारखे करायचे आणि निघून जायचे. वर्षभर मी माणसांचे केसच पाहिले. मग नवीन साल लागलं, नवीन मॉडेल आलं आणि मला जिन्याखाली ढकललं.

जिन्याखालच्या गाडीतून सामान निघत राहतं. नव्या गाडीचा आरसा फुटका आला, काढ हिचा. इंडिकेटर कमी पडला, काढ हिचा. तिथल्या फिटरला सगळे लांब्या म्हणत. हात चांगला, खोड वाईट. "तेवढ्यापुरतं काढतो, नवीन आलं की लावतो," असं तो मलाच सांगायचा. बहुतेक वेळा लावायचाही. एकदा त्याने माझा मागचा डावीकडचा फूटरेस्ट काढला. मागे बसणारा पाय ठेवतो तो. त्याच्या जागी भंगारातल्या दुसऱ्याच गाडीचा लावला. त्याची पिन केसभर बारीक होती, आत खुळखुळत होती. लांब्याने ती तारेने बांधली, वर रबर चढवलं. बाहेरून काही दिसेना. पुढे तो ते विसरला. मी विसरले नाही.

मग ती दोघं आली. तो जन्मभर कारखान्यात लेथवर लोखंड कातत उभा राहिलेला, नुकताच रिटायर झालेला. बोटं जाड, पण लोखंडावर बोट फिरवून केसभर फरक सांगणारी. बरोबर बायको.

"रिटायर झालो की फिरवीन, हे चाळीस वर्षं ऐकतेय," ती काउंटरवरच्या मॅडमला हसत म्हणाली. "आता सापडलेत तावडीत."

मॅडमने आधी नवीन मॉडेल दाखवलं. मागची सीट रुंद, पाठीला टेकायला उशी. बायको सरळ त्या उशीपाशी गेली.

"अहो, ही बघा ना. टेकायला आहे."

त्याने तिकडे बघितलंच नाही. "इंजिन?"

"इंजिन तेच आहे, काका. पण दिवा नवीन, रंग नवीन, आणि मागच्यासाठी..."

"इंजिन तेच ना? मग मागच्या सालची असेल तर दाखवा."

मॅडमने जिन्याखाली बोट केलं.

तो माझ्यापाशी उकिडवा बसला. चेन ओढून पाहिली. टाकीत टॉर्चचा झोत टाकून गंज शोधला. टायरवरची तारीख वाचून म्हणाला, "उभं राहून कडक झालेत. नवे घालून द्या." मॅडम कबूल झाली. माणूस पक्का होता. मला वाटलं, आता हा मागे येणार. एक बोट लागलं की संपलं.

"मी जरा मागे बसून बघू का?" बायको म्हणाली.

"मागे बसायला काय बघायचं? चालवणार मी."

"बसणार मी."

"बसशील गं. घरी नेल्यावर बसायचंच आहे."

तो पुढे बसला. आता माझा गुन्हा ऐका. माझी बॅटरी मेल्यात जमा होती. बटण दाबल्यावर मी हूं की चूं केलं नसतं, तर लांब्याने मला आत नेऊन सगळी खोलली असती. ती तार सापडली असती. मला तेवढंच करता येत होतं. पण पुन्हा जिन्याखाली जायचं माझ्या जिवावर आलं. त्याने बटण दाबलं, आणि मी होता नव्हता तो जीव गोळा करून पहिल्या झटक्यात सुरू झाले.

"बघ," तो बायकोला म्हणाला. "दिव्याला आणि रंगाला मी भुलत नाही."

मीही फुगले.

तीन रविवार चांगले गेले. ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसायची. बडबड करायची. तो "हं" म्हणायचा. दुसऱ्याच रविवारी ती म्हणाली, "पायाखाली काहीतरी हलतंय हो."

"हलणारच. गाडी आहे, पलंग नाही."

ती हसली.

चौथ्या रविवारी तिच्या बहिणीकडे जायचं होतं. दारासमोर मी उभी. तिची उंची कमी, त्यामुळे ती फूटरेस्टवर सगळा भार देऊन चढायची. तशीच चढली. तार तुटली, पिन निसटली. ती बाजूला पडली आणि घोट्यातून कट् असा आवाज आला. लोखंड मोडल्याचे आवाज जन्मभर ऐकलेला माणूस तो. मागे वळायच्या आधीच त्याला कळलं.

घोट्यात रॉड घातला. तिला दवाखान्यात ठेवून तो घरी आला, रस्त्यावर पडलेली पिन उचलली आणि दोन बोटांत धरून फिरवली. एकदाच. मग पायरीवर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी तो शोरूममध्ये जाऊन आला. सोबत लांब्या आला, माझ्यापुढे उभा राहिला.

"काका, चूक माझी. मीच बांधली होती तार."

"तुझी आहेच," तो म्हणाला. "पण मी हात लावला असता तर कळलं असतं. ती सांगत होती."

लांब्या गेला. माझ्यावर कापड पडलं.

चार महिन्यांनी ते निघालं. तो आपल्या जुन्या कारखान्यात जाऊन, जुन्या मशीनवर, नवीन फूटरेस्ट आणि पिन करून आला होता. पाठीला टेकायची चौकटही केली होती. सगळं बसवलं. मग मला स्टँडवर उभी करून तो मागच्या सीटवर बसला. पहिल्यांदाच.

ती काठी टेकत दारात आली.

"अहो, चालक कुठे गेला?"

"गप. बघतोय."

"काय दिसतं तिथून?"

"पुढच्याची पाठ. बाकी काही नाही."

"चाळीस वर्षं तीच बघतेय."

तो उतरला. "चुकलं माझं," म्हणाला. हे शब्द तिलाही नवीन असावेत. तिने काठीने फूटरेस्ट दाबून पाहिला. दोनदा दाबला.

"घट्ट आहे," म्हणाली. पण बसली नाही. "पाय काय म्हणतो ते बघू," म्हणत आत गेली.

अजून मी त्याच दारात उभी आहे. टायर एका जागी दबू नयेत म्हणून तो मला दर सोमवारी चाकाचा अर्धा फेरा पुढे ढकलतो. जाता जाता डाव्या फूटरेस्टवर बोट फिरवतो. त्याने त्याची चूक तोंडाने सांगितली. मला तिच्यापुढे तोंड उघडता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगितली.

नवीन घ्या नाहीतर मागच्या सालची, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण मागे जो बसणार आहे त्याला आधी बसवून बघा. तो काय म्हणतो ते ऐका.

आणि ती पुन्हा कधी आलीच, तर त्या दिवशी मी पहिल्या झटक्यात सुरू होणार नाही. आधी ती नीट बसेल. मग मी.