फोटोतली अबोली

माझ्या अब्बांच्या रंगाला कच्चा म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्याच ओट्यावर बसून आमचाच चहा पीत होता.

चन्नप्पा तलवाड्याचे. किराणा दुकान, गावात वजन. थोरल्या मुलाच्या लग्नात त्यांनी सगळे फेटे माझ्या अब्बांकडून, बीडच्या नबी रंगाऱ्याकडून, रंगवून नेले होते. सगळे अबोली, कारण त्यांच्या घरात लग्नाला अबोलीच बांधायचा रिवाज. त्याला दोन वर्षं झाली. आता २००४ साली धाकट्याचं लग्न निघालं होतं. त्यांनी पिशवीतून आधी जुना फेटा काढला, मग लग्नाचा अल्बम काढला आणि दोन्ही अब्बांच्या पुढ्यात ठेवलं.

"बघ नबी. लग्नात कसा व्हता आन् आता कसा झालाय. रंग उडाला की बे."

फेटा होता तसाच होता. अबोलीच्या गजऱ्यात असते तशी अबोली, डोळ्यांना निववणारी. आणि फोटोतले फेटे? भडक नारिंगी! बघूनच डोकं दुखावं असे.

"आप्पा, ह्यो माझा रंग न्हाई," अब्बा म्हणाले. "म्या अबोली दिलती. ही अबोली न्हाई."

"मंग फोटू काय खोटं बोलतो?"

रंगाऱ्याला कुणी आईवरून शिवी दिली तर तो एक वेळ ऐकून घेईल, पण रंग कच्चा म्हटलेलं ऐकून घेणार नाही. निदान मी तरी नाही. मी चन्नप्पांच्या हातातून फेटा ओढला, घमेल्यात टाकला, साबण लावला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत खसाखसा चोळला. पाणी नितळ राहिलं.

"बघा. सुटला का रंग?"

"उडायचा तेवढा उडून गेला, पोरी. आता काय सुटणार?"

मी आत जाऊन चिंधी आणली. अब्बा प्रत्येक कामातली एक चिंधी चिठ्ठी लावून ठेवतात. चिंधी आणि फेटा, दोन्हींचा रंग तंतोतंत एक. चन्नप्पांनी चिंधीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग हिचाबी उडाला असंल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याहून वाईट म्हणजे हे सगळं त्यांनी आधीच मोंढ्याच्या बाजारात सांगून ठेवलं होतं. जो तो विचारायला लागला होता, नबीचा रंग कावून उतरायला लागला म्हणून. तीस वर्षं उकळत्या पाण्यात हात भाजून घेणाऱ्या माणसाची अब्रू एका अल्बमनं घालवली होती.

"चला," मी म्हणाले. "अल्बम केलाय त्याच्याकडंच जाऊ."

केदारनाथचा फोटो स्टुडिओ बसस्टँडसमोर. त्यानं कॉम्प्युटर घेतला होता आणि तो दाखवायची त्याला भारी हौस. त्यानं लग्नाची सीडी शोधून काढली आणि फोटो पडद्यावर लावला. खरा फोटो! अबोली फेटे, मागं धुळकट लिंबाचं झाड, आणि चन्नप्पा रोज दिसतात तसे सावळे.

"चाचा, ह्यो मूळचा," केदारनाथ अब्बांना म्हणाला. "आन् आता बघा, मी रंग कसा उठवला."

त्यानं माऊस सरकवला. बस्स, एवढंच. पाणी नाही, मीठ नाही, सोडा नाही, चटके नाहीत. लिंब पोपटी झाला, आभाळ निळंशार झालं, चन्नप्पांचं तोंड लालबुंद झालं आणि अबोली नारिंगी होऊन पेटली.

मी पडद्यावर बोट ठेवलं. "आप्पा, लग्नात तुमी कपाळाला काय लावलतं?"

"भस्म. दुसरं काय लावू?"

"मंग हे पिवळं कावून दिसतंय? हळद लावलती का?"

चन्नप्पा पुढं वाकले. स्वतःच्या कपाळावरचे भस्माचे पिवळेधमक पट्टे त्यांनी निरखून पाहिले. मला वाटलं, जिंकले. आता हा माणूस माझ्या बापाची माफी मागेल.

"असू दे," ते म्हणाले. "कसा का असंना, मला ह्योच रंग पाहिजे. लई खुलतोय."

"आन् मोंढ्यात कच्चा म्हणून सांगितलं त्याचं काय?"

"लोकांनी अल्बम बघितलाय, पोरी. आता मी कुणाकुणाला सांगत फिरू?"

मी तोंड उघडलं तोच अब्बा म्हणाले, "देतो आप्पा. असाच देतो."

घरी येईपर्यंत मी अब्बांशी भांडले. आपसांत आम्ही आमच्या दखनी बोलीत भांडतो, पण अर्थ एवढाच की असा भडक रंग अब्बांच्या पक्क्या रंगात बसणारच नव्हता. तो फक्त पुडीच्या रंगातून निघतो. गार पाण्यात कालवायचा, कापड बुचकळायचं, वाळवायचं. पहिल्या पाण्याला निम्मा जातो. अब्बांनी तीस वर्षांत त्या पुडीला हात लावला नव्हता. त्या आठवड्यात लावला.

लग्न भर उन्हाळ्यात. आम्हालाही आवतण होतं. अक्षता पडेपर्यंत फेट्यांखालून घाम सुटला आणि त्याबरोबर रंगही. कपाळं नारिंगी, भस्म नारिंगी, पांढऱ्या सदऱ्यांच्या कॉलरी नारिंगी. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. घ्या म्हटलं, हा असतो कच्चा रंग.

महिन्यानं चन्नप्पा आले ते पेढे घेऊन. काखेत नवा अल्बम. मी तो हिसकावून घेतल्यासारखाच घेतला. एकाही कपाळावर डाग नाही. कॉलरी बगळ्यासारख्या पांढऱ्या. केदारनाथनं सगळं पुसून काढलं होतं, आणि फेटे आणखी पेटवले होते.

"नबी, याला म्हणत्यात पक्का रंग! मोंढ्यात सगळ्यांना दाखवून आलो. म्हणलं, नबीचा हात परत बसला."

"आप्पा, ह्यो कच्चा हाय," अब्बा म्हणाले. "तुमच्या कॉलरीला लागलता. म्या डोळ्यानं बघितलंय."

"कुठं लागलाय? दाखव की यात."

अब्बांनी अल्बमची पानं उलटली. यात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. चन्नप्पांबरोबर आलेल्या दोघा पाहुण्यांनी तिथंच आपापल्या घरच्या लग्नांचे फेटे सांगितले. असेच, म्हणाले. फोटोतल्यासारखे. अब्बांनी दोघांनाही होकार दिला.

ते गेल्यावर मी पक्क्या रंगासाठी भट्टीवर पातेलं चढवलं, मीठ मोजून घेतलं. अब्बा मागून आले आणि त्यांनी जळतं लाकूड ओढून पाण्यात बुडवलं.

"समिना, आता यापुढं कच्चाच टाकत जा," ते म्हणाले.

मी ते पातेलं लाथेनं उलथवलं. अब्बा मला एका शब्दानंही रागावले नाहीत.