आबांसाठी बिघडवलेला फ्रीज

आबांच्या अंघोळीचा नळ सुरू झाला तसा मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चांगला चालणारा फ्रीज बिघडवायला बसले.

फ्रीज भिंतीपासून पुढे ओढला, आधी प्लग काढला. मागे खाली कॉम्प्रेसरला चिकटून एक काळी डबी असते, ती उघडली. आत रिले असतो. कॉम्प्रेसरला सुरू व्हायला तो धक्का देतो. त्याची एक वायर निसटली की दिवा छान लागतो, पण फ्रीज गार होत नाही, आणि माणूस चक्रावतो. मी ती वायर ओढून सैल केली, झाकण बसवलं, प्लग लावला, फ्रीज जागेवर ढकलला आणि गवार मोडायला बसले. चोरसुद्धा इतकं सफाईनं काम करत नसतील.

आबा बाहेर आले. सकाळी उठल्यापासून त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, "ताई, हे घर कुणाचं?" दोन्ही वेळा मी "तुमचंच की" म्हटलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांनी परक्या घरात हसतात तसं हसून मान हलवली होती.

"आबा," मी म्हटलं, "फ्रीज गार होत नाहीये हो."

ते थांबले. पाठ सरळ झाली. दाराच्या खिळ्याला त्यांचं जुनं फडकं असायचं, ते त्यांनी खांद्यावर टाकलं.

"लाइट लागते का?"

"लागते."

"आवाज?"

"काहीच नाही."

"प्लग बघितला का?"

"बघितला."

"परत बघा. अर्ध्या तक्रारी प्लगच्याच असतात," असं म्हणत त्यांनी स्वतःच प्लग दाबून पाहिला, मग काढून ठेवला. "आधी प्लग, मग हात." हे ते प्रत्येक वेळी म्हणायचे.

मग फ्रीज पुढे ओढून खाली बसले. गुडघे कुरकुरले, पण बोटं कुरकुरली नाहीत. डबी उघडली, वायर सापडली, पक्कडीनं आवळून बसवली, प्लग लावला. फ्रीज घुरघुरायला लागला तसा त्यांनी त्याच्या कुशीला तळहात लावला आणि डोळे मिटून जरा वेळ तसेच राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साक्षे, वायर ढिली झालती. मागं उंदीर फिरतो काय, बघ बरं."

साक्षे. एवढ्यासाठी हा सगळा उद्योग.

माझे वडील कोंडिराम, काशीमीऱ्याच्या गॅरेजांच्या रांगेतले कोंडिराम मिस्त्री. परभणीकडून आले, अर्धं आयुष्य लोकांचे फ्रीज उघडण्यात घालवलं, त्याच कमाईवर जेसल पार्कात ही खोली-किचन घेतली, मला आणि उदयला शिकवलं. उदय पुण्याला असतो. मी भाईंदरलाच एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, सकाळची शिफ्ट. लग्न केलं होतं, टिकलं नाही, त्याचं मला आता काही वाटत नाही. आई, वैजयंता तिचं नाव, आबांचा आजार सुरू व्हायच्या आधी गेली. एका परीनं सुटली बिचारी, असं नातेवाईक म्हणतात. मला नाही तसं वाटत. असायला हवी होती.

आजार आधी किल्ल्या विसरण्यापासून सुरू झाला, मग पत्ते, मग नावं. दुरुस्तीचा गाळा दुसऱ्याला द्यावा लागला. आबा घरात बसले आणि हाताला काम नाही म्हणून दिसेल ते उघडायला लागले. मिक्सर उघडला, रिमोट उघडला, समोरच्या हंसाबेनची बेल उघडून ठेवली. हंसाबेन भली बाई. मी कामाला गेले की तीच आबांवर लक्ष ठेवते. नुसतं एवढंच म्हणाली, "अंकल ने मेरा बेल खोल दिया, अभी बंद नहीं होता."

मग एक दिवस फ्रीज खराच बिघडला. काहीतरी किरकोळ होतं. आबांनी तो दुरुस्त केला, आणि ती सबंध दुपार ते माझे आबा होते. मला नावानं हाक मारली, उदयची नोकरी कशी चाललीय विचारलं, भाकरी मागून घेतली. संध्याकाळ झाली तसे परत हरवले. पण मला वाट सापडली होती.

म्हणून मी फ्रीज बिघडवायला शिकले. घरच्या घरी फ्रीज दुरुस्त कसा करावा याचे ढीगभर व्हिडिओ मोबाइलवर असतात. लोक ते सरळ बघतात, मी उलटे बघायची. शेवटी काय बसवलंय ते आधी बघायचं आणि तेच काढायचं. आबा बसवताना शेजारी बसून बघायची, ते आणखी वेगळं शिक्षण. लहानपणी त्यांनी मला गाळ्यात पाऊल ठेवू दिलं नव्हतं, तू पुस्तक घेऊन बस म्हणायचे.

"तेरा फ्रीज हर हफ्ते बिगड़ता है बेटा," हंसाबेन म्हणाली, "किसी की नजर लगी है." आणि तिनं दुसऱ्या दिवशी फ्रीजच्या हँडलला लिंबू-मिरची आणून बांधली. आबांनी ती सोडून तिच्या हातात परत दिली. "बाई, मशीन को नजर नहीं लगती, व्होल्टेज लगता है." मी स्वयंपाकघरात जाऊन पोट धरून हसले. त्या दिवशी ते फार छान होते.

दुरुस्ती झाली की मी चहा ठेवायची. आमच्या घरात चहाचा एक कायदा होता. आबा लोकांच्या घरी जायचे तेव्हा काही ठिकाणी आधी आडनाव विचारलं जायचं. मग चहा वेगळ्या कपातून यायचा, आणि प्यायल्यावर, "कप तेवढा विसळून ठेवा हं," असं गोड आवाजात सांगितलं जायचं. आबा घरी येऊन यातलं काही बोलायचे नाहीत. मला आईनं सांगितलं. आबांनी फक्त एवढंच केलं, की आमच्याकडे प्लंबर येवो नाहीतर केबलवाला, त्याला खुर्चीवर बसवायचं, पाहुण्यांच्या निळ्या कपबशीतून चहा द्यायचा, आणि कप त्याला उचलू द्यायचा नाही. माणसं ओशाळायची. आबा म्हणायचे, बसा हो, घाई काय आहे.

पुढे रिलेची वायर त्यांना सापडेनाशी झाली. डबी उघडून ते नुसते बघत बसले, आणि मीच, "आबा, ही वायर जरा सैल वाटते का?" असं म्हणून वेळ मारून नेली. मग मी सोपं केलं. आतलं थंडी कमी-जास्त करायचं बटण शून्यावर फिरवून ठेवायची. ते काही दिवस सापडलं. मग त्याहून सोपं, दाराच्या रबरात आइस्क्रीमची काडी खोचून ठेवायची, म्हणजे दार नीट चिकटत नाही आणि आत घाम सुटतो. आबा वर्तमानपत्राचा कागद दारात धरून दार लावायचे आणि ओढून बघायचे. कागद अडला तर रबर चांगलं, सहज निघाला तर तिथं फट. कागद सरकवत सरकवत काडीपाशी यायचे आणि काडी काढून मला दाखवायचे. मग काडीही सापडेना. मी एकेक पायरी खाली उतरत होते आणि दर वेळी ते माझ्या आधी खाली पोचलेले असायचे. आणि नाव घेणंही कमी कमी होत चाललं होतं.

उदयचा फोन आला तेव्हा हंसाबेननं त्याला फ्रीज सारखा बिघडतो हे आधीच सांगितलेलं होतं.

"साक्षी, नवा घेऊन टाकू ना. किती जुना झालाय तो. मी इथून मागवतो, ते घरी आणून लावतात."

"नको."

"का पण?"

"आबांना हाच उघडता येतो."

"आबांना आता काय येतंय, साक्षी," तो म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं म्हणून तर राग आला.

शेवटी प्लग राहिला. त्याच्याखाली पायरीच नाही. मी फक्त प्लग काढून तो बोर्डाखाली लोंबत ठेवला, समोर, दिसेल असा. मनात म्हटलं, हा तर सापडेलच. आयुष्यभर पहिला प्रश्न हाच विचारलाय या माणसानं.

आबांनी फडकं खांद्यावर टाकलं. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. आत अंधार. कुशीला तळहात लावला. मागे जाऊन वाकले, प्लगची वायर त्यांच्या हाताला लागली, ती त्यांनी बाजूला केली आणि परत पुढे आले. बराच वेळ दारासमोर उभे राहिले. मी भिंतीला टेकून उभी होते आणि डोळ्यांनी त्यांना प्लगकडे ढकलत होते. मग त्यांनी फडकं काढून त्याची नीट घडी घातली.

"ताई, माफ करा," ते म्हणाले. "मला काय समजंना. तुम्ही दुसरा मिस्त्री बघा."

आणि ते दारापाशी चपला शोधायला लागले, निघायला.

मी झटकन प्लग लावला. फ्रीज सुरू झाला. ते म्हणाले, "झाला की चालू. माझं काय कामच नव्हतं." मी त्यांना खुर्चीवर बसवलं, मोरीत गेले आणि रडले. स्वतःच्या बापाची परीक्षा घेणारी मी कोण? त्या दिवसापासून मी फ्रीजला हात लावला नाही.

नंतर तो आपोआप बिघडला. मे महिन्याचा रविवार, अंगाची लाही लाही होत होती. मागून टक् असा आवाज यायचा, मग जरा गुरगुरायचं, पुन्हा टक्, आणि शांत. थोड्या वेळानं पुन्हा तेच. बर्फ वितळून पाणी फरशीवर आलं होतं. काशीमीऱ्याच्या एका मिस्त्रीला फोन लावला, तो म्हणाला उद्या येतो. मी हो म्हटलं, फोन ठेवला, आणि मला ते सहन होईना. आबा खुर्चीवर बसलेले असणार आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दुसराच माणूस येऊन त्यांच्या फ्रीजमागे बसणार. आवाज तर मला ओळखीचा होता. मोबाइलवर शंभरदा ऐकला होता.

मी फ्रीज ओढला, खाली बसले, डबीचं झाकण काढलं आणि आत हात घालणार तोच माझं मनगट कुणीतरी धरलं.

"बाई, आधी प्लग."

आबा होते. कधी उठून आले कळलं नाही. पकड घट्ट होती, पहिल्यासारखी. मी बोर्डाकडे पाहिलं. रागाच्या भरात प्लग काढायचा राहिला होता. मी उठून तो काढला. आबांनी बाजूचा स्टूल ओढला आणि माझ्या शेजारी बसले.

मी रिले उपटून काढला आणि कानाशी हलवला. वाळलेल्या शेंगेसारखा खुळखुळला. म्हणजे आत फुटला होता. आबांच्या हत्यारांच्या पेटीत जुने सुटे भाग होते, त्यातला जोडीचा रिले शोधून बसवला, झाकण लावलं, प्लग लावला. टक् झालं. मी श्वास धरून बसले. मग फ्रीज घुरघुरला आणि घुरघुरतच राहिला. मी नकळत त्याच्या कुशीला तळहात लावला.

आबा माझ्या हाताकडे बघत होते.

"कुणाकडं शिकलात?" त्यांनी विचारलं.

"कोंडिराम मिस्त्रींकडे," मी म्हटलं. "काशीमीऱ्याला गाळा होता त्यांचा."

त्यांनी आठवून पाहिलं. खरंच मनापासून आठवून पाहिलं, कपाळाला आठ्या घालून.

"नाव ऐकल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. "हात साफ आहे तुमचा. चांगलं शिकवलंय त्यांनी." मग आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली, "वैजयंता, मिस्त्रीबाईंना चहा ठेव."

आतून कुणी ओ दिली नाही. आबा वाट बघत राहिले. मी म्हटलं, "हात धुऊन येते," आणि आत गेले. आईच्या पातेल्यात चहा ठेवला, आबांना आवडतं तसं आलं किसून टाकलं. वरच्या फळीवरून निळ्या कपबश्या काढल्या. दोन कप घेऊन बाहेर आले.

"खाली नका बसू," आबा म्हणाले. "खुर्चीवर बसा."

मी त्यांच्या खुर्चीवर बसले. ते समोर स्टुलावर. आम्ही चहा प्यालो. त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं. मी म्हटलं, वडील आहेत. बरे आहेत का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आहेत. काळजी घ्या त्यांची, असं म्हणून त्यांनी शेवटचा घोट बशीत ओतला. सगळी चौकशी त्यांनी अगदी रीतीनं केली, पण साक्षे मात्र म्हणाले नाहीत. ती हाक मला पुन्हा ऐकायला मिळायची नाही, हे मला तिथं, चहा पिता पिता कळलं.

चहा संपला. मी सवयीनं दोन्ही कप उचलायला वाकले.

त्यांनी माझ्या हातातून माझा कप काढून घेतला.

"राहू द्या," ते म्हणाले. "आमच्या घरी कारागीर कप विसळत नाही."

आणि तो कप दोन्ही हातांत धरून ते सावकाश आत गेले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी खुर्चीवर बसून राहिले. आतून नळाचा आवाज बराच वेळ येत होता.