मीठ अगदी बेताचं

दर रविवारी साताऱ्याहून दोन गाड्या कुंडलच्या बौद्धवस्तीत यायच्या. निर्वाणाची घाई झालेली सहा-सात माणसं उतरायची आणि विहारापुढच्या लिंबाखाली डोळे मिटून बसायची. गुरू म्हणजे सिद्धूआण्णा. ना चीवर, ना मुंडण. फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, अंगात बनियन, गळ्यात शिट्टी. कुणी पेंगलं की कानाशी शिट्टी वाजायची, आणि शिष्य म्हणायचे, "अहाहा, काय जाग आली!"

आण्णांची थोरली बहीण बयाबाई या पाव्हण्यांपुढं पाण्याचा तांब्या ठेवायची. तो भरलेलाच परत यायचा. शिष्यांचं पाणी गाडीत, डबे गाडीत. "आमचं पथ्य आहे," म्हणायचे. साऱ्या जगाशी एकरूप व्हायला निघालेली माणसं, वस्तीतल्या एका तांब्यापाशी अडायची. बयाबाई चुलीपुढं गुणगुणायची,

पाव्हणा माझ्या दारी, डोळं झाकून बसतो
भरला तांब्या बाई, भरलेला ऱ्हातो.

वीरधवल त्यांतला पट्टशिष्य. साताऱ्यात ध्यानकेंद्रासाठी त्यानं हॉल घेतला होता, फळ्यावर 'सिद्धूआण्णांच्या परवानगीने' असं रंगवूनही झालं होतं. उद्घाटन आठ दिवसांवर. परवानगी तेवढी राहिली होती.

"आण्णा, आता हो म्हणा."

"म्हंतो की. आज ध्यान न्हाई. आक्कानं आमटी-भाकरी केलीया. जेवा आन चव कशी हाय सांगा. ज्याला चव कळली त्यानं खुशाल शिकवावं."

शिष्य ताटं घेऊन विहारामागं गेले. म्हणे एकांत हवा. वस्तीतल्या कोंबड्यांची त्या दुपारी चंगळ झाली.

परत आल्यावर एकजण म्हणाला, "चव हा भास आहे." वीरधवलनं डोळे मिटले, लांब श्वास सोडला. "अप्रतिम समतोल, आण्णा. मीठ अगदी बेताचं."

नवीनच आलेली शिवांजली मात्र चुलीपाशी बसून जेवत होती. "आवं मावशी," ती म्हणाली, "मीठ देता का जरा?"

बयाबाई पदरात तोंड लपवून हसली. "घातलंच न्हाई, बाई. सिद्धूनंच सांगितलं व्हतं."

वीरधवलचे कान लाल झाले. आण्णांनी पाट सरकवला. "बस हितं. माज्याम्होरं जेव."

उद्घाटन आठ दिवसांवर. तो बसला. पहिला घास औषधासारखा गिळला. बयाबाईनं आमटीत मीठ घातलं, तव्यावरची भाकरी वाढली. दुसरा घास रेंगाळला. तिसरी भाकरी त्यानं मागून घेतली. डोळ्यांत धूर गेला, नाकाला पाणी आलं, तरी मान वर केली नाही. दोन वर्षांत त्या लिंबाखाली एवढं ध्यान कुणाचं लागलं नव्हतं.

"झाली परवानगी," आण्णा म्हणाले. "फकस्त आईला फोन लाव. सगळ्यांना ऐकू येईल आसा. जेवलो म्हण."

फोन लागला. "जेवलास का रं?" आईनं विचारलं.

"जेवलो."

"कुणाच्यात?"

वीरधवलनं आण्णांकडं पाहिलं. मग हातातल्या फोनकडं.

"हाटेलात," तो म्हणाला.

आण्णा उठले. "फळ्यावरचं माजं नाव खरवडून टाक, गड्या," एवढं बोलून ते विहारात गेले.

बयाबाईनं दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि त्याच्या हातात दिल्या. "घे लेकरा, भूक लागंल. आईनं इचारलं, तर हाटेलवालीनं बांधून दिल्या म्हण."