आखरावरचा दगड

कवडूचा स्वभाव संशयी. कोणी आपणहून विडी पुढे केली, तरी हा ती उलटीसुलटी करून बघणार, देणाऱ्याच्या तोंडाकडे बघणार आणि मग 'हं' म्हणून कानावर ठेवणार. त्याचं ते 'हं' सगळ्या वस्तीला पाठ होतं. सरकार विहीर देणार म्हणालं, तरी कवडू 'हं' म्हणायचा.

तर एके सकाळी आखरावर, कडुनिंबाच्या बुडाशी, शेंदूर फासलेला एक लांबोळा दगड उभा दिसला. गोवाऱ्यानं ढोरं थांबवून हात जोडले. बायका घागरी घेऊन येताना वाकल्या. कवडू मात्र लांबूनच डोळे बारीक करून पाहत राहिला. देव काही आपल्या पायानं चालत येत नाही. कोणीतरी आणून ठेवलाय, आणि ठेवणाऱ्याचं त्यात काहीतरी काम आहे. कोणाचं, तेवढं शोधायचं होतं.

आखर म्हणजे गावाला लागून असलेली मोकळी जागा. सकाळी गावाची ढोरं तिथं जमायची, गोवारी ती रानात हाकून न्यायचा, आणि मग ती जागा दिवेलागणीपर्यंत पोरांची. हुतूतू, लगोरी, निंबावर चढून पकडापकडीची डाबडुबली. गावात पाटलाची विहीर वेगळी, वस्तीची वेगळी. पण निंबाच्या फांदीवर कोण कोणाच्या वर बसलंय, हे तिथं कोणी विचारत नव्हतं. मिसरूड फुटलेली पोरंही तिथंच दम निघेस्तोवर पळायची.

कवडूची कमला बारा वर्षांची. तिची माय रुखमा तापानं गेली, तेव्हापासून पोरीचं बोलणंच बंद झालं होतं. कोपऱ्यात बसायची, वाढलं तर खायची, नाहीतर तेही नाही. मग मधुकरराव पाटलांच्या लेकीनं, गंगानं, एक दिवस तिचा हात धरून तिला आखरावर ओढलं. संध्याकाळी कमला गुडघे फोडून घरी आली आणि म्हणाली, "बाबा, मी सगळ्यायच्या वर चढलती." कवडूनं तोंड फिरवून डोळे पुसले होते. ती जागा त्याच्यासाठी औषध होती, दुसरं काही नाही.

आणि तीच जागा मधुकररावांना हवी होती. गावाचा सारा वसूल करायची मालगुजारी गेली, पण गावावरचा हात काही सुटला नव्हता. आर्वीच्या बाजारात नेईस्तोवर कापूस ठेवायला आखरावर टिनाचं गोदाम बांधायचं त्यांनी ठरवलं. साखळी टाकून जागा मोजूनही झाली. आणि नेमका तेव्हाच हा देव निघाला.

मधुकररावांची आई सीताबाई. तिनंच पहिला नारळ फोडला आणि लेकाला सगळ्यांसमोर सुनावलं, "देवाच्या डोक्यावर टिनं घालतं काय रे?" गोदाम थांबलं. कवडूला बरं वाटणार, तोच म्हातारी पोरांकडे वळली. "आणि तुम्ही इथं धिंगाणा घालू नका. देवाची जागा आहे आता. पाय ठेवू नका."

हं, कवडू मनाशी म्हणाला. डाव कळला. माय-लेकांचं संगनमत आहे. आज दगड, उद्या ओटा, परवा देऊळ, आणि देवळात आपल्याला कोण घेतो? नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, घरातले देव आपल्या हातानं नदीत सोडले, तर यांनी देव पोरांच्या खेळात आणून बसवला. त्याचं डोकं तापलं.

इकडे कमला पुन्हा कोपऱ्यात बसू लागली. भाकर तशीच राहू लागली. चटणीही धड नव्हती, मिरच्या नुसत्या ठेचलेल्या.

"वरवंटा कुठी गेला?" कवडूनं विचारलं.

"शेजारणीनं नेला," ती खाली बघत म्हणाली.

दुपारी ढोरं रानात, माणसं शेतात. कवडू आखरावर गेला. हा दगड कोणाच्या वावरातला, कोणाच्या खाणीतला, ते एकदा नीट बघायचं होतं. तो उकिडवा बसला. शेंदराच्या खाली एका टोकाला टवका उडालेला होता. त्यानं त्यावरून बोट फिरवलं. तापात रुखमाच्या हातून वरवंटा निसटला होता, तेव्हाचा तो टवका. सगळ्या गावावर संशय घेतला आणि घरातच पाहायचं राहिलं.

घरी येऊन तो पाट्यासमोर बसला. "कमले, कोण होतं तुह्यासंगं?"

तिनं रिकाम्या पाट्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "गंगीनं शेंदूर आणला. वरवंटा मी. देव असला तं कोणी बांधत नाई ना, बाबा. म्हणून."

त्याला राग आला. देव सोडलेल्या घरात पोरीनं मायच्या वरवंट्याचा देव केला. पण रागामागून भीती आली. उद्या हे फुटलं तर मधुकरराव वस्तीला मजुरी देणार नाहीत. आणि नाही फुटलं, तरी ही पोर कोपऱ्यात बसून सुकणार. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि पोरांना हाकलणारीच त्यांना परत बोलवू शकत होती.

तो सीताबाईच्या मागच्या अंगणात गेला. म्हातारी सरकी निवडत होती. "बाई, तो दगड माह्या रुखमाचा वरवंटा आहे," तो म्हणाला आणि शिव्या ऐकायला मान खाली घालून उभा राहिला.

"मले मालूम आहे," सीताबाई हात न थांबवता म्हणाली. "मारोतीच्या शेंदराची वाटी रिकामी, आणि गंगीची बोटं लाल. मी काय आंधळी आहो?"

"मंग लेकरायले काऊन हाकललं?"

"मधुकर नजर ठेवून राह्यला होता. तुह्यासारखाच आहे तो, संशयी. पोरी त्या दगडाभोवती हसत खिदळत राह्यल्या असत्या, तं त्यानं दोन दिवसांत पकडलं असतं. त्यानं आता सडकेवर जागा पाह्यली आहे. तिथं गोदाम होऊ दे, मंग पाहू." मग तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "हे तुह्या पोटात राहू दे. वस्तीत बी नाई सांगायचं. समजलं काय?"

"समजलं," कवडू म्हणाला. वरवंटा परत मागायचं त्याच्या ओठावर आलं होतं, ते त्यानं गिळलं.

दिवाळीपर्यंत सडकेवर गोदाम उभं राहिलं. मग सीताबाईनं जाहीर केलं, की देवाला लेकरांचा गलका आवडतो, लेकरं नसली की देव उदास होतो. तिला कोण विचारणार? दुसऱ्या दिवशी निंब पोरांनी भरून गेला.

कवडू रोज संध्याकाळी कामावरून येताना तिथं थांबू लागला. हात जोडत नव्हता. नुसता उभा राहायचा, वर कमलेचा आवाज ऐकायचा आणि खाली त्या टवक्याकडे बघायचा. रुखमाच्या हाताची तेवढी एकच वस्तू उरली होती, आणि ती आता गावाची झाली होती.

वस्तीत कुजबुज सुरू झाली. एका संध्याकाळी तानबा त्याच्याजवळ येऊन उभा राहिला. दोघांनी नागपूरला एका रांगेत उभं राहून दीक्षा घेतली होती.

"कवडू, तू परत देवाले लागला काय?"

"नाई."

"मंग रोज इथं काऊन थांबतं?"

कवडूनं निंबाकडे पाहिलं. सगळ्यात वरच्या फांदीवर कमला बसली होती आणि खालून गंगा तिला पकडायला चढत होती. दोघी हसत होत्या.

"पोरीले न्याले येतो," तो म्हणाला.

तानबानं त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं, मग शेंदराच्या दगडाकडे बघितलं.

"हं," तो म्हणाला, आणि एकटाच वस्तीकडे चालू लागला.