चार काळे कोपरे

डोळ्यांच्या इस्पितळाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, जिन्याच्या पायऱ्या भरल्या, उरलेली माणसं भिंतीला टेकून उभी. एकेक जण कॅमेऱ्यासमोरच्या स्टुलावर बसायचा, हनुवटी टेकवायचा, लख्ख उजेड पडायचा आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर गोल उमटायचा. हिरवा म्हणजे डोळा निरोगी. लाल म्हणजे मधुमेहाने डोळ्याच्या आतला पडदा खराब होतोय. सकाळपासून ऐंशी जण बसून उठले होते. ऐंशीच्या ऐंशी हिरवे!

"पूर्वी हे डॉक्टर लोक सहातल्या एकाला तरी घाबरवायचे," एक आजोबा म्हणाले. "आता बघा, आजारच पळाला!"

टाळ्या पडल्या. ज्याने हे मशीन बसवलं होतं तो पांढऱ्याशुभ्र शर्टातला माणूस हात उंचावून हसला. त्याला आम्ही सगळे 'तज्ज्ञ' म्हणायचो, कारण त्याने स्वतःची ओळख तशीच करून दिली होती.

"मशीनच्या आत माझं नेटवर्क आहे, फोटो बघून शिकणारा मेंदूच म्हणा, त्याला दीडशे थर आहेत," तो लयीत सांगू लागला. "पहिला थर रेषा बघतो, दुसरा आकार बघतो. शेवटचा काय बघतो ते मलाही ठाऊक नाही! ते फक्त मशीनला कळतं. आपण विचारायचं नाही, विश्वास ठेवायचा. शंभरात नव्व्याण्णव अचूक!"

'बाकीचे अल्गोरिदम, म्हणजे मशीनला शिकवायच्या पद्धती, सोडून हाच का?' असं आमच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याला सुरुवातीला विचारलं होतं. "सर, विमान दारात उभं असताना सायकली कशाला मोजायच्या?" तो म्हणाला. मोठे डॉक्टर हसले आणि प्रश्न तिथेच मेला.

मी या इस्पितळात नऊ वर्षं डोळ्यांचे फोटो काढतेय. मशीनला शिकवायला दिलेले चार हजार फोटो माझ्याच हातचे. त्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू? पण दर सहा माणसांत एक आजारी निघायचा, तो आजार एका महिन्यात गेला कुठे? हे मनात डाचत होतं. तरी मी गप्प बसले. दीडशे थरांपुढे माझ्यासारखीने काय बोलायचं!

मग मी ताईला घेऊन आले. माझी सख्खी मोठी बहीण. अकरा वर्षांचा मधुमेह, आणि कपडे शिवायचं काम. तिचाही गोल हिरवा.

"अगं, पण मला डाव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगताना दिसतात," ती म्हणाली.

"वय झालं तुझं," मी म्हणाले. "मशीनने बघितलंय ना? आता उगाच शंका काढू नकोस."

हे वाक्य मी बोलले. मशीन नाही, तज्ज्ञ नाही, मी.

दोन महिन्यांनी मी तिच्या घरी गेले तर ती खिडकीशी सुई हातात धरून बसली होती. दोरा ओवत होती, आणि दोरा दर वेळी सुईच्या बाजूने जात होता. मला बघून तिने सुई गादीत खोचली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पंधरा दिवस झाले. तू म्हणालीस ना सगळं ठीक आहे, म्हणून बोलले नाही."

मी तिला तशीच रिक्षात घातलं. हॉलमध्ये नेहमीची गर्दी होती, म्हणून तिला आतल्या खोलीतल्या जुन्या कॅमेऱ्यावर बसवलं आणि फोटो त्याच मशीनला पाठवला. लाल! तिला उठवून हॉलमधल्या नव्या कॅमेऱ्यावर बसवलं. हिरवा! डोळा तोच, मधे जेमतेम दहा मिनिटं गेलेली. मी स्वतः जुन्या कॅमेऱ्यावर बसले. माझा डोळा ठणठणीत आहे, तरी लाल. शेवटी तिथेच सरावासाठी ठेवलेला प्लॅस्टिकचा डोळा लावला. मशीन म्हणालं, गंभीर आजार.

ताईला मोठ्या डॉक्टरांकडे सोपवून मी बाहेर आले. रांगेत कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई बसल्या होत्या, आमच्या जुन्या पेशंट. मी त्यांना सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी अल्गोरिदमचं नावसुद्धा विचारलं नाही.

"शिकवायला दिलेले आजारी डोळ्यांचे फोटो कुठल्या कॅमेऱ्यावरचे?"

"जुन्या. आजारी माणसं कायम आतल्या खोलीतच यायची."

"आणि निरोगी?"

"ते शिबिरांमधले. नव्या कॅमेऱ्यावरचे." बोलता बोलताच मला चूक दिसली.

बाईंनी फोटो मागून घेतले. पेशंटची नावं मी काढून टाकली. चौथ्या दिवशी, भर गर्दीच्या वेळी, त्या लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये आल्या. मोठे डॉक्टर होते, तज्ज्ञही होता.

"डोळ्याचा फोटो गोल असतो," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "भोवती चार काळे कोपरे उरतात. तिथे डोळा नसतो, काहीच नसतं. मी गोल कापून फेकला आणि फक्त कोपरे ठेवले. मग एक अगदी बाळबोध अल्गोरिदम घेतला. त्याला एकच काम: कोपरे किती काळे आहेत ते मोजायचं आणि मधे एक रेघ मारायची, अलीकडचे आजारी, पलीकडचे निरोगी. शंभरात अठ्ठ्याण्णव उत्तरं बरोबर आली. डोळा न बघता!"

बाईंनी लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला.

"जुन्या कॅमेऱ्यात कुठूनतरी उजेड झिरपतो. त्याचे कोपरे किंचित तपकिरी येतात, आपल्याला दिसतही नाहीत. तुमचे दीडशे थर आजार नाही शिकले. कॅमेरा ओळखायला शिकले."

"पण मी चाचणी घेतली होती!" तज्ज्ञ उसळला.

"त्याच गठ्ठ्यातल्या फोटोंवर ना? शिकवणीतलाच पेपर परीक्षेला दिलात, तर सगळेच पहिले येणार."

"नेटवर्कचं अंतरंग असं सोपं नसतं, बाई..."

"मग तुमचाच डोळा दोन्ही कॅमेऱ्यांवर लावा," मोठे डॉक्टर म्हणाले. तो उठला नाही. घड्याळ बघितलं, एक फोन आल्याचं सांगितलं आणि जिन्यावरच्या माणसांतून वाट काढत निघून गेला. मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "मी विचारायला हवं होतं. एकदा विचारलं, आणि विनोदावर समाधान मानलं." मला त्यांचा राग आला होता, पण तेवढ्यापुरता तो ओसरला.

ताईचा उजवा डोळा लेझरने वाचला. डाव्याने तिला आता उजेड-अंधार तेवढा कळतो. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तीन महिन्यांत हिरवा गोल घेऊन गेलेली पाच हजारांवर माणसं आहेत. रोज दुपारी मी त्यांना फोन करते. कुणी चिडतात, कुणी म्हणतात, "कशाला परत यायचं? मशीनने सांगितलंय की!" 'आजारच पळाला' म्हणणाऱ्या त्या आजोबांनी तर फोनच ठेवून दिला. मी पुन्हा केला.

"मग कुठला अल्गोरिदम घ्यायचा?" मोठ्या डॉक्टरांनी नंतर बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "तो प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी फोटो नीट गोळा करा, दोन्ही कॅमेऱ्यांवर आजारीही आणि निरोगीही. मग साध्यात साधा अल्गोरिदम लावून बघा, म्हणजे हातात मोजपट्टी येईल. मोठं नेटवर्क त्याच्यापेक्षा खरंच सरस ठरलं तरच घ्या. चार हजार फोटोंवर ते कोऱ्या पाटीपासून शिकवू नका, आधी लाखो चित्रांवर शिकलेलं घेऊन आपल्या फोटोंवर पुढे शिकवा. परीक्षा घ्या ती न बघितलेल्या माणसांवर, न बघितलेल्या कॅमेऱ्यावर. आणि मशीन कुठे बघून उत्तर देतंय, ते तपासा."

यात गूढ काहीच नाही. मेहनत आहे, म्हणून ते कुणाला नको असतं. मशीन वाईट नव्हतं हो. आम्ही शिकवलं तेच ते शिकलं. वाईट होतं ते 'विचारायचं नाही' हे वाक्य, आणि ते ऐकून खाली घातलेल्या आमच्या माना. तुमच्यासमोर उद्या कुणी असा हिरवा गोल दाखवला, तर टाळी वाजवायच्या आधी विचारा: हे कशावरून शिकलं? कुणी तपासलं? चुकतं तेव्हा कसं चुकतं? उत्तर द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्या हाती आपला डोळा देऊ नका. आणि तुमच्या घरातलं माणूस म्हणालं की मला काळे धागे दिसतात, तर आधी त्याचं ऐका.