किरकोळ तफावत

पाणीपुरवठा कार्यालयात पत्रकं लिहायचं काम तिचं. प्रयोगशाळेतून आकडे यायचे, ती ते लोकांना कळतील अशा भाषेत मांडायची. निदान नेमणूक तरी त्यासाठीच झाली होती.

त्या सोमवारी लॅबवाल्याने अहवाल तिच्या टेबलावर आपटला. "टेकडीमागच्या वस्तीतले पाचही नमुने नापास. गटार फुटून नळात शिरतंय. बाटली उघडली तरी वास मारतोय."

तिने तसंच लिहिलं. साहेबांनी नाक मुरडलं. "'मैला' काय, मैला? लोक अंगावर येतील. लिहा, 'गुणवत्तेत किरकोळ तफावत आढळली असून उपाययोजना सुरू आहे.'"

"आणि उकळून प्या, हे?"

"कशाला उगाच घबराट? दोन दिवसांत होईल दुरुस्ती."

तिने साहेबांचं वाक्य पत्रकात उतरवलं. संध्याकाळी मात्र त्याच वस्तीत राहणाऱ्या भावाला गुपचूप फोन केला. "दादा, पाणी उकळूनच प्या. कुणाला बोलू नकोस."

दुरुस्ती झालीच नाही. आठव्या दिवशी वहिनीचा फोन आला. "खालच्या मावशींना सलाइन लावलंय. मी उकळायला सांगितलं होतं गं. तर त्यांनी तुझं पत्रक पुढे केलं. म्हणाल्या, आपली पोरगी लिहिते, ती खोटं कशाला लिहील?"

ती तशीच दवाखान्यात गेली. लहानपणी आई कामावर गेली की याच मावशी तिला जेवू घालायच्या. आता त्या चादरीत दिसेनाशा झाल्या होत्या. खाटेखालच्या बादलीचा दर्प नाकात बसत होता.

"लांब बस गं, घाण येतेय," मावशी ओशाळून म्हणाल्या. "माझ्याच खाण्यात शिळंपाकं आलं असणार. पाणी तर चांगलं होतं, तूच लिहिलं होतंस."

तिला किळस आली. बादलीची नाही. स्वतःचीच, अगदी अंगावरची कातडी ओरबाडून काढावी अशी.

दुसऱ्या दिवशी साहेब यायच्या आधी तिने वस्तीतल्या सगळ्या नळधारकांना संदेश धाडला. "तुमच्या नळाच्या पाण्यात मैला मिसळतो आहे. आठ दिवसांपासून. हे आम्हाला माहीत होतं. उकळल्याशिवाय पिऊ नका." खाली स्वतःचं पद आणि टेबलावरचा फोन नंबर घातला.

साहेब धुमसत आले. "नोकरी नकोशी झालीय का? 'माहीत होतं' कुणी लिहायला सांगितलं?"

"कुणीच नाही, साहेब."

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचा माणूस आईबहिणीवरून शिव्या देत होता. तिने त्या शेवटपर्यंत ऐकल्या आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. घरात कुणी आजारी आहे का? पत्ता सांगा, लिहून घेते."