मूळ रक्ताचे मासे

सूनबाई माशांची डॉक्टर आहे, हे आप्पा पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं सांगत. फक्त तिनं खरोखर एखादा मासा तपासायला हातात घेतला की ते तिच्या मागं येऊन उभे राहत. मत्स्यशेती त्यांची, तळी त्यांनी उन्हात उभं राहून बांधून घेतलेली, आणि मासे तर त्यांच्या मते घराण्यातलेच. 'आपल्या माशांचं कूळ' हा विषय निघाला, की घरातल्या प्रत्येकाला काहीतरी काम आठवायचं.

आदल्या हंगामात ओढ्याच्या पाण्याबरोबर कुठूनसा विषाणू आला आणि खालची दोन तळी साफ झाली. मासे काळवंडले, त्यांचे डोळे बाहेर आले, जागच्या जागी गिरक्या घेत ते पोट वर करून तरंगायला लागले. औषध नव्हतंच. तेव्हापासून सून एका संशोधन केंद्राच्या मागे लागली होती. शेवटी केंद्रानं डीएनए लस द्यायचं कबूल केलं. ही लस खऱ्याखुऱ्या तळ्यांवर कशी चालते, हे त्यांनाही बघायचंच होतं.

जेवताना तिनं विषय काढला. आप्पांचा घास हातातच राहिला.

"डीएनए? म्हणजे थेट कुळालाच हात घालणार तू."

"तसं नाही हो आप्पा. विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असतं. ते कसं बनवायचं, एवढीच माहिती लशीत असते. ती माशाच्या स्नायूत टोचायची. मग स्नायू ते प्रथिन बनवतो, आणि शरीर त्याला ओळखून ठेवतं. पुढं खरा विषाणू आला की शरीर तयार असतं."

"म्हणजे चोराचा फोटो घरात लावायचा."

"चोराचा नाही, त्याच्या टोपीचा."

"आणि टोपी बघून माझाच मासा चोर झाला तर?"

तिच्या नवऱ्यानं ताटात डोकं घातलं. तो माशांची गाडी घेऊन बाजारात जायचा, आणि घरातल्या वादात त्याचं मत कायम गाडीत राहून गेलेलं असायचं. सासूबाईच म्हणाल्या, "टोचू द्या तिला. गेल्या वर्षी तुमचं कूळ पोत्यात भरून पुरलं आपण."

मोठ्या रुसव्याफुगव्यानंतर तह झाला. सगळ्या तळ्यांना लस, पण वरच्या तळ्याला कुणी हात लावायचा नाही.

लस टोचायची म्हणजे एकेक मासा हातात घ्यायचा. भुलीच्या पाण्यातून झिंगलेली बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, टेबलावर यायची, सून पाठीवरच्या पंखापाशी सुई घालायची, आणि दुसऱ्या हौदात जाऊन मासा भानावर यायचा. सासूबाईंचा हात सुनेपेक्षाही सफाईनं चालायला लागला. आप्पा लांब उभे राहून, लग्नात मान न मिळालेल्या पाहुण्यासारखे बघत राहिले.

मग त्यांनी वरच्या तळ्यावर पाटी लावली: 'मूळ रक्ताचे मासे'. आणि काय सांगावं, लोकांच्या उड्या पडल्या. नाक्यावरचा खानावळवाला तर भाव जास्त असूनही तेच मासे मागू लागला.

"लसवाला मासा खाऊन गिऱ्हाईकाला कल्ले फुटले, तर मी काय उत्तर देऊ?" तो म्हणाला.

"तुम्ही लहानपणी लस घेतली होती ना?" सुनेनं विचारलं.

"घेतली की. पण मला कोण खाणार आहे?"

पाण्याला पुन्हा गारवा आला आणि विषाणूही पाठोपाठ आला. लस दिलेल्या तळ्यांत थोडे मासे गेले, बाकीचे खायला घातलं की पाणी उसळवत राहिले. वरच्या तळ्यात मात्र गिरक्या सुरू झाल्या. आप्पा गुडघाभर पाण्यात उतरले. मेलेले मासे ते स्वतःच्या जाळीनं काढत राहिले, गड्यांना त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. सुनेच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. पण ते एकेक मासा काठावर ओळीनं ठेवताहेत हे बघून तिनं दुसरी जाळी उचलली आणि गुपचूप पाण्यात उतरली.

पंधरवड्यानं केंद्राचे संचालक आले. वरचं रिकामं तळं बघून त्यांना भरून आलं.

"तुलनेसाठी एक तळं मुद्दाम बिनलशीचं ठेवलंत? लस चालते याचा एवढा स्वच्छ पुरावा आम्हाला कुठंच मिळाला नव्हता. अशी शास्त्रीय दृष्टी असलेला शेतकरी मी पाहिला नाही, आप्पा."

आप्पांनी सुनेकडं पाहिलं. सुनेनं आभाळाकडं पाहिलं.

"दृष्टी म्हणजे," आप्पा घसा साफ करून म्हणाले, "ती उपजतच असावी लागते."

त्यांचा जाहीर सत्कार झाला. आप्पा व्यासपीठावरून शास्त्रावर इतका वेळ बोलले, की संचालकांनी आपलं भाषण आटोपतं घेतलं. पहिल्या रांगेत सासूबाईंना ठसका लागला तो थांबेचना. सुनेला हसू लपवायला खोकल्याचं निमित्तही उरलं नाही. ती टाळ्या वाजवत राहिली.

पुढच्या हंगामाआधी वरच्या तळ्यासाठी नवी बोटुकली आली, आणि संचालक पुन्हा हजर. "याही वर्षी ते एक तळं बिनलशीचंच राहू द्या."

"नाही," आप्पा म्हणाले.

आता अडचण सुनेची झाली. संचालकांचं म्हणणं तिला पटत होतं. "आप्पा, एका वर्षाच्या आकड्यांवर भागत नाही. तुलनेला काहीतरी लागतंच."

"मग तुलनेला मला पाण्यात उभं करा. मासा नाही." ते संचालकांकडं वळले. "तुमच्या केंद्राच्या दारात हौद आहे ना? त्यातले मासे ठेवा बिनलशीचे."

संचालक चाचरले. "ते आमच्या मोठ्या साहेबांनी आवडीनं पाळलेत."

"मी काय रागानं पाळलेत?"

संचालकांनी वही मिटली. केंद्रानं आपल्या आवारातच प्रयोगासाठी एक वेगळी टाकी बांधायचं ठरवलं. सुनेला विचारलं असतं तर तिनं हे आधीच सांगितलं असतं. तसं आप्पांनीही सांगितलं असतं, आणि हल्ली ते सांगतातही.

टोचणीच्या दिवशी बाह्या सरसावून आप्पा टेबलापाशी येऊन बसले. पहिला मासा त्यांच्या हातून निसटून सासूबाईंच्या मांडीवर पडला. दुसरा त्यांनी नीट धरला.

"सुई जरा तिरकी, आप्पा," सून म्हणाली.

"कळतं मला," ते म्हणाले, आणि सुई तिरकी केली.